कच्चे कोणते आणि पक्के कोणते?

घरयादीचे काम ज्याने एकदा केले आहे, अशा प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला आणि कचेरीतील कारकुनाला तीन प्रश्न तोंडपाठ झालेले असतात. जमीन कशाची, भिंत कशाची आणि छप्पर कशाचे? २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत या प्रश्नांची उत्तरे अंकांत भरावयाची होती. गवत, पाचट व बांबू यांना एक अंक, माती व कच्ची वीट यांना दुसरा, भाजलेल्या विटेला निराळा आणि काँक्रीटला निराळा. प्रस्तुत लेखकाने हे काम उन्हातान्हात केले आहे. त्या वेळी एक गोष्ट वारंवार ध्यानात येई. ज्याची भिंत विटेची असे तो उत्तर चटकन व मोठ्याने देई. ज्याची भिंत मातीची असे त्याचा आवाज खाली येई, आणि कोणी विचारले नसतानाही तो पुढे जोडून टाकी, ‘यंदा बांधायचंच आहे, गुरुजी.’ जणू तो ज्यात जन्मला, ज्यात त्याची लग्नकार्ये झाली, ते बांधलेले नव्हतेच.

आपल्या घराची अशी लाज माणसाला का वाटावी? गरिबीची लाज वाटते हे एक कारण झाले. परंतु दुसरे कारण भाषेत आहे. ‘कच्चे घर’ आणि ‘पक्के घर’ हे दोन शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यांच्यामागे एक निवाडा दडलेला आहे, हेच आपण विसरून गेलो आहो. मातीचे ते कच्चे आणि सिमेंटचे ते पक्के, असा तो निवाडा आहे. तो कोणी दिला, कोणत्या पुराव्यावर दिला आणि तो आजही टिकेल काय, याची फेरतपासणी करण्याची वेळ आलेली आहे.

शंभर रुपयांची अट

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात जाऊन आलेल्या वाचकांना बापूकुटी आठवत असेल. १९३६ साली गांधीजी या गावी राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. निवासासाठी त्यांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे. खर्च शंभर रुपयांच्या पुढे जाऊ नये, साहित्य परिसरातील असावे आणि हात गावातील कारागिरांचे असावेत. माती, बांबू, लाकूड आणि देशी कवेलू यांतून ती घरे उभी राहिली. बापूकुटी मूळची मीराबेनची. ती आजही उभी आहे. तिच्या भिंती वरचेवर सारवल्या जातात, कवेलू फेरले जातात, आणि वैदर्भी उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असता आत पाऊल टाकणारा यात्रिक नकळत थबकतो. घरयादीच्या तक्त्यात तिची भिंत मात्र मातीच्याच रकान्यात पडेल, आणि आपल्या नित्याच्या बोलीत ती ‘कच्ची’च ठरेल. जी वास्तू ऐंशीहून अधिक पावसाळे पाहून उभी आहे ती कच्ची, आणि जिच्या सज्जाचे लोखंड वीस वर्षांत गंजून बाहेर डोकावू लागते ती पक्की, असा हा आपला हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल की, बापूकुटीची निगा राखायला एक संस्था आहे, आश्रम आहे. सामान्य कुटुंबाला ते कसे जमावे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे. पण आधी आणखी मोठ्या आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. महाराष्ट्रात मातीच्या घराचे नाव काढले की ज्या एका गावाचे नाव ओठांवर येते, त्याला बगल देऊन या विषयावर लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल.

किल्लारीची साक्ष

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन करून थकलेली गावे झोपी गेली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरची भूमी हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा मध्यमच म्हणावा लागेल. परंतु आठ ते दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली गेली. त्या काळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता.

मराठवाड्यातील ज्या घरांनी हा घात केला, ती दगडमातीची, माळवदाची घरे होती. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे छत. सभोवती काळ्या दगडाच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या भिंती. त्या दोन फुटांपासून काही ठिकाणी पाच-सहा फुटांपर्यंत जाड. एवढी जाड भिंत पडली कशी? उत्तर असे की, ती एक भिंत नव्हतीच. बाहेरची दगडांची एक ओळ, आतली दुसरी ओळ आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती यांचा भराव. या दोन ओळींना एकमेकींशी बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादरा बसताच दोन्ही ओळी एकमेकींपासून सुटल्या, फुगल्या आणि ढासळल्या. दगडही पुष्कळदा गोलसर, न घडविलेले, एकमेकांवर न बसणारे. छतावर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढविलेले. जुना थर काढून नवा घालण्याचे कष्ट कोण घेतो? त्यामुळे माळवदाचे ओझे पिढीगणिक वाढत गेलेले.

त्याच ढिगाऱ्यांत अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जेथे छताचे ओझे भिंतीवर नव्हते, खांब-तुळयांच्या चौकटीवर होते आणि सुताराने सांधे नीट बसविले होते, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही चौकट उभी राहिली. म्हणजे जुन्या कारागिरीचा एक भाग परीक्षेत उतरला आणि दुसरा नापास झाला. नापास झालेला भागही मुळात अज्ञानातून आलेला नव्हता. आपल्या गढ्या, वेशी, बारवा आणि देवळे पाहावीत. तेथे आडवे-उभे दगड एकमेकांत गुंतविलेले आढळतात. भिंत सांधणारा दगड पाथरवटाला ठाऊक होता. पण तसा दगड निवडण्यास आणि घडविण्यास वेळ लागतो, मजुरी लागते. स्वस्त व घाईच्या बांधकामात तो गळाला, आणि शे-दीडशे वर्षे भूकंप झालाच नाही म्हणून गळाल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

किल्लारीची साक्ष माती-दगडाविरुद्ध आहे असे आपण मानून चाललो. नीट ऐकली तर ती विसरलेल्या नियमांविरुद्ध आहे. त्याच १९९३ साली भारतीय मानक संस्थेने मातीच्या इमारती व कमी ताकदीचे दगड-विटांचे बांधकाम यांना भूकंपात तग धरता यावा म्हणून दोन स्वतंत्र मार्गदर्शिका काढल्या. त्यांचे क्रमांक १३८२७ आणि १३८२८ असे आहेत. त्यांतील उपाय सामान्य माणसाला कळण्याजोगे आहेत. भिंत फार उंच वा फार लांब नको. दार-खिडक्या कोपऱ्याला चिकटून नकोत. ठराविक अंतरावर आरपार दगड असावा. दाराच्या व छताच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा असावा, मग तो लाकडाचा असो की काँक्रीटचा. टोपलीला काठाशी वळवलेली कड जे काम करते, तेच काम हा पट्टा करतो. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, हे सर्वांना माहीत आहे. पण ज्या गावांचे नुकसान त्या मानाने कमी होते, तेथे जुन्याच घरांच्या भिंतींत आरपार सांधे बसवून, पट्टे घालून आणि माळवदाचे ओझे उतरवून ती मजबूत करण्याचाही कार्यक्रम राबविला गेला. शासनाच्याच या कामाने सिद्ध केले की, दगडमातीचे घर सुधारता येते. दुर्दैवाने लोकांच्या मनात राहिली ती पडलेली भिंत.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपाची साक्षही या प्रकरणात नोंदवावयास हवी. बन्नी भागातील गोल, मातीच्या भिंतींचे आणि शंकूसारख्या गवती छपराचे भुंगे त्या भयंकर हादऱ्यातून मोठ्या संख्येने वाचले. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि छप्पर हलके असते. तीच माती, पण आकार आणि ओझे निराळे, म्हणून निकालही निराळा.

एका घराची गोष्ट

आमचे वडिलोपार्जित घर भूकंपाच्या पट्ट्यापासून बरेच दूर होते. भिंतीला एक तडा गेला, एवढेच. पण त्या हिवाळ्यात गावातील निम्म्या लोकांनी माळवदे उतरविली आणि आम्हीही उतरविले. सात खणांचे घर होते. खांब सागाचे, भिंतीत बळद, छताला उजेडासाठी ठेवलेले भोक. कडीपाट विकले गेले, खांब गेले आणि त्या जागी पत्रे आले. भिंतीही ‘पक्क्या’ दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला. हा निर्णय आमचाच होता. त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

पहिल्याच चैत्रात पत्र्याखाली दुपारी बसणे अशक्य झाले. पूर्वी वैशाखात सारे घर ज्या माजघरात दुपार काढी, तेथे आता पाण्याचा तांब्याही कोमट होई. आई सत्तरीची होती. ती दुपारी बाज उचलून लिंबाखाली जाऊ लागली आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर घरात येऊ लागली. पुढे दोन पावसाळ्यांनी दुसरा अनुभव आला. सिमेंटचा गिलावा भिंतीपासून पोपड्यांनी सुटू लागला, आणि त्याच्या आड भिंतीचा पाया ओलसर होऊन माती पिठासारखी झालेली सापडली. गावातील म्हाताऱ्या गवंड्याला दाखविले. त्याने बोटाने माती कुस्करली आणि म्हणाला, ‘गुरुजी, मातीच्या भिंतीला श्वास लागतो. तुम्ही तिला रेनकोट घातला.’

त्याचे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून ती हवेत सोडून देते. चुन्याचा वा मातीचा गिलावा ही वाट मोकळी ठेवतो. सिमेंटचा गिलावा ती बंद करतो. ओल आत कोंडते आणि भिंत आतून विरघळते. उष्णतेचेही तसेच आहे. दीड-दोन फुटांची मातीची भिंत तापायला कित्येक तास घेते. दुपारचे ऊन तिच्यातून आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर बाहेरची हवा निवालेली असते. पत्र्याला हा अवधी मिनिटांचा. चार-पाच इंचांच्या काँक्रीटच्या छताला काही तासांचा, म्हणून ते नेमके झोपण्याच्या वेळी तापलेले असते. मग पंखा लागतो. पंखा पुरेनासा झाला की कूलर लागतो. वीज गेली की सारे कुटुंब अंगणात येते. ज्याला आपण पक्के घर म्हणतो, त्याचा उन्हाळा विजेच्या तारेवर टांगलेला आहे.

सिमेंटचे ऋण

हा प्रश्न केवळ एका घराच्या सुखाचा असता, तर वृत्तपत्राची जागा त्यासाठी अडविण्याचे कारण नव्हते. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी कोळसा जळतो, त्याचा धूर निराळा. पण खुद्द चुनखडीही तापताना आपल्यातला कार्बन-डाय-ऑक्साइड सोडते, आणि इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी हा भाग टळत नाही. जगातील एकूण कार्बन-डाय-ऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो, आणि सिमेंटच्या उत्पादनात भारताचा जगात दुसरा क्रमांक आहे. भाजलेल्या विटेची कथा याहून फार वेगळी नाही. ती हजार अंशांच्या आसपास भाजावी लागते आणि तिच्यासाठी शेतातील वरची सुपीक माती खरवडली जाते. काँक्रीटला वाळू लागते. ती नदीतून येते, आणि आपल्या नद्यांची पात्रे वाळूअभावी कशी उघडी पडली आहेत, हे पाहायला दूर जावे लागत नाही.

सिमेंट नकोच, असा याचा अर्थ नाही. धरण, पूल, रुग्णालय, उंच इमारत यांना त्याची गरज आहे. ज्याला पर्याय नाही तेथे ते जरूर वापरावे. परंतु खेड्यातील एकमजली, दोन खोल्यांच्या घराला, जेथे अंगणातच माती व हाकेच्या अंतरावर दगड आहे, तेथे शेकडो मैलांवरून पोती आणणे ही प्रगती नसून सवय आहे. यात पैशाचाही प्रश्न आहे. सिमेंट-लोखंडाच्या घरावर खर्च झालेला रुपया बहुतांशी गावाबाहेर जातो. माती, दगड, चुना, बांबू यांच्या घरावरचा रुपया वडाराच्या, गवंड्याच्या, सुताराच्या आणि कुंभाराच्या हाती पडतो, आणि गावातच फिरतो.

एक परदेशी मिस्त्री आणि एक विज्ञानसंस्था

ही सारी जुन्याची हळहळ आहे, असे कोणास वाटेल. म्हणून दोन आधुनिक उदाहरणे देतो. लॉरी बेकर हा इंग्रज वास्तुरचनाकार १९१७ साली बर्मिंगहॅम येथे जन्मला. महायुद्धाच्या काळात मायदेशी परतण्यासाठी बोटीची वाट पाहत तो मुंबईत अडकला असता त्याची गांधीजींशी गाठ पडली. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, हा गांधीजींचा विचार त्याने मनात धरला, आणि पुढे आयुष्यभर तो त्याला पुरला. आधी हिमालयात पिथोरागडला आणि नंतर केरळात त्याने शेकडो घरे, शाळा व प्रार्थनामंदिरे बांधली. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राच्या इमारती हे त्याचे सर्वपरिचित काम. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची, म्हणजे सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते. काँक्रीटच्या छताच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीट फारसे काम करीत नाही, तेथे जुनी मंगलोरी कौले बसवायची, म्हणजे सिमेंट वाचते आणि वजन घटते. खिडकीऐवजी विटांची जाळी ठेवायची. यात कोणतीही गूढ विद्या नाही. कारागिराबरोबर उभे राहून, प्रत्येक वीट का ठेवायची हे विचारण्याची सवय आहे. १९८५ साली त्रिचूरला सुरू झालेल्या कॉस्टफोर्ड या संस्थेने, जिच्या मागे माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्यासारखी माणसे होती, हे काम पुढे नेले. बेकर भारताचा नागरिक झाला, पद्मश्री झाला आणि २००७ साली केरळातच वारला.

दुसरे उदाहरण बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे. तेथे १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ नावाचा विभाग सुरू झाला. तेथील शास्त्रज्ञांनी मातीच्या विटेवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. रेताड मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचे, हाताने चालविता येणाऱ्या यंत्रात ती दाबायची आणि तीन आठवडे ओली ठेवायची. भट्टी लागत नाही. अशी वीट पावसात विरघळत नाही आणि दोन मजल्यांचे ओझे पेलते. या विटेसाठी भारतीय मानकही आहे. म्हणजे सरकारी कागदावर ती अधिकृत आहे. आपल्या काळ्या कापसाच्या मातीची मात्र ही वीट होत नाही, हे सांगितले पाहिजे. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात चुना घालावा लागतो किंवा मुरूम व रेती मिसळून तिचा स्वभाव बदलावा लागतो. आपल्या पूर्वजांनी माळवदासाठी काळी माती टाळून गढीची पांढरी माती का निवडली, याचे उत्तर येथे मिळते.

खुद्द वर्ध्यात १९७६ पासून ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र याच दिशेने काम करीत आले आहे. कोकणाला तर फार दूर पाहण्याची गरजच नाही. तेथील जांभा खाणीतून निघताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो. त्याच्या चिऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या मुसळधार पाऊस सोशीत आली आहेत.

मातीचे दोष

आता तो रास्त आक्षेप. मातीच्या घराला निगा लागते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहावे लागते, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते. हे काम आजवर कोणी केले? घरातील बायकांनी. शेण गोळा करून, माती कालवून, वाकून सारवताना ज्यांच्या कंबरा मोडल्या, त्यांना काँक्रीटची फरशी ही मुक्ती वाटली, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्या पुरुषवर्गाला नाही. शहरात सदनिकेत राहून खेड्यातील मातीच्या भिंतींचे गुणगान करणे सोपे आहे. वाळवी, उंदीर, विंचू आणि गळके छत यांचे वास्तवही नाकारता येत नाही. शिवाय दलित आणि भूमिहीन वस्त्यांतील मातीची भिंत अनेकदा निवडीची नव्हती, लादलेली होती. त्या माणसाला सिमेंटचे घर प्रतिष्ठा देते. ही प्रतिष्ठेची भूक खरी आहे.

म्हणून जुने घर जसेच्या तसे परत आणा, असे कोणी म्हणू नये. दगडी वा विटांचे जोते दोन फूट उंच घ्यावे म्हणजे ओल व वाळवी अडते. छपराच्या वळचणी पुरेशा लांब ठेवाव्यात म्हणजे भिंतीवर झोड येत नाही. बाहेरून चुन्याचा गिलावा द्यावा म्हणजे दर वर्षीचे लिंपण टळते. जमिनीला शहाबादी फरशी घालावी म्हणजे सारवण जाते. कोपऱ्यांना व दारावर पट्टा घ्यावा म्हणजे भूकंपाची धास्ती कमी होते. शेकडा थोडेसे सिमेंट योग्य जागी वापरून उरलेले घर मातीचे करता येते. घरातील बाईचे कष्ट कमी होतील, वैशाखात आत बसता येईल आणि जमीन हादरली तर भिंत माणसावर येणार नाही, या तीन कसोट्यांना जे घर उतरेल ते पक्के म्हणावे. ते कशाचे बांधले, हा प्रश्न नंतरचा.

करावयाचे काय?

गंमत अशी की, आपले नियम या विचाराच्या आड येत नाहीत. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूत्रांत पक्क्या घराची व्याख्या आहे. वापराची व हवामानाची झीज सोसून, वाजवी देखभालीने किमान तीस वर्षे टिकेल ते घर पक्के, असा तिचा आशय आहे. भिंती स्थानिक हवामानाला तोंड देणाऱ्या असाव्यात आणि गिलावा बाहेरच्या पृष्ठभागाला गरज असेल तरच द्यावा, असेही तेथे म्हटले आहे. स्थानिक साहित्याचा व रचनेचा पुरस्कारही आहे. तरीही गावोगाव उभी राहणारी घरकुले पाहावीत. कोकणात आणि मराठवाड्यात, पावसात आणि उन्हात, घर एकाच साच्यातले. याचे कारण असे की, नियम बदलला तरी अंदाजपत्रक करणाऱ्याच्या हातातील दरसूची, तपासणी करणाऱ्याच्या मनातील चित्र आणि हप्ता मंजूर होण्याची घाई बदललेली नाही. विटेच्या भिंतीचा दर त्याला पाठ आहे. दाबलेल्या मातीच्या भिंतीचा दर त्याला शोधावा लागतो, आणि शोधण्याची तसदी घेतल्याबद्दल त्याला कोणी शाबासकी देत नाही.

यातून मार्ग काढण्यासाठी क्रांतीची गरज नाही. जिल्हावार दरसूचीत दाबलेली मातीची वीट, चुन्याचा गिलावा, आरपार सांध्याची दगडी भिंत आणि बांबूचे काम यांचे दर स्पष्ट यावेत. तंत्रनिकेतनात व अभियांत्रिकी महाविद्यालयांत काँक्रीटबरोबर मातीचेही बांधकाम परीक्षेला असावे. जे परीक्षेला नसते ते आपल्याकडे कोणी शिकत नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जुन्या गवंड्यांना शिकविण्यासाठी बोलवावे. त्यांच्यातील अनेकांचे हात आता थरथरू लागले आहेत, आणि त्यांची मुले शहरात सेंट्रिंगच्या कामावर गेली आहेत. बँकांनी कर्ज देताना भिंतीचे साहित्य न पाहता मानकाचा क्रमांक पाहावा. प्रत्येक तालुक्यात शासनाने आपले एक तरी कार्यालय, अंगणवाडी वा शाळेची खोली अशा पद्धतीने बांधावी. साहेब मातीच्या भिंतीआड बसतो असे दिसल्याखेरीज शेतकऱ्याला तिची प्रतिष्ठा पटणार नाही.

आणि शिक्षकांना तर आजच करण्याजोगे एक काम आहे. काचेची उभट बाटली घ्यावी, तिचा तिसरा हिस्सा गावातील मातीने भरावा, वर पाणी घालून चांगली हलवावी आणि ठेवून द्यावी. काही वेळाने रेती तळाशी बसते, मग गाळ, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत वर चिकणमातीचा थर दिसतो. कोणता थर किती जाड, यावरून ती माती भिंतीच्या कामाची आहे की नाही, याचा अंदाज येतो. प्रयोगाला खर्च नाही. सातवीच्या वर्गातील मुलांनी आपापल्या शेतातली माती आणावी आणि बाटल्या खिडकीत ओळीने मांडाव्यात. आपल्या पायाखाली काय आहे, हे त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी कळेल.

पुढच्या वेळी घरयादीचा कागद घेऊन कोणी गुरुजी अशा घराच्या दारात उभे राहतील, तेव्हा भिंत कशाची हे विचारल्यावर घरमालकाचा आवाज खाली जाऊ नये, एवढे जरी साधले तरी पुष्कळ झाले. आमची आई आता नाही. घरावर पत्रे आहेत, आणि दुपारी तेथे कोणी बसत नाही. येत्या दिवाळीनंतर ते उतरवून, जोते उंच घेऊन, चारी बाजूंनी पट्टा घालून पुन्हा मातीच्या भिंती उभारण्याचे आम्ही भावंडांनी ठरविले आहे. त्या म्हाताऱ्या गवंड्याला निरोप धाडला आहे. त्याने विचारले, माती कोणती आणणार? उत्तर देण्यापूर्वी आम्ही बाटली भरून ठेवली आहे.